वनतज्ज्ञ घडवणाऱ्या शाळांची पारख

अमेरिकेच्या वायव्येला ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत डग्लस फर नावाचा सूचिपर्णी वृक्ष मोठ्या प्रमाणावर लावतात. खासगी कंपन्यांच्या जमिनीवर तो साधारण ४०-५० वर्षांनी तोडीला येतो. सरकारी जंगलात त्याहून किती तरी जास्त काळ उभा असतो. आपल्याकडच्या सागाचंही तसंच. ६०-८० वर्षांचं आवर्तन डोळ्यांपुढे ठेवून त्याची कार्यआयोजना आखली जाते. पंचविशीतल्या वनतज्ज्ञाने आज एखाद्या उतारावर कोणती झाडं राखायची आणि कोणती काढायची याच्या खुणा केल्या, तर त्या निर्णयाचं खरं फळ दिसेपर्यंत तो निवृत्त झालेला असतो. डॉक्टरचं औषध चुकलं तर आठवड्यात कळतं, इंजिनियरचा पूल खचला तर चौकशी बसते. जंगलातली चूक उघडी पडायला पिढी जाते, आणि तोवर जबाबदार कोण हे विचारायलाही कोणी उरत नाही.

मग वनतज्ज्ञावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर? फळ पाहून पारख करायची तर फार उशीर झालेला असतो. पारख करता येते ती तो शिकत असतानाच. त्याला काय शिकवलं, कोणी शिकवलं आणि शिकवलेलं त्याच्या हातात उतरलं का, हे त्याच पेशातल्या जाणत्या माणसांनी जाऊन पाहायचं. अमेरिकेत हे काम ‘सोसायटी ऑफ अमेरिकन फॉरेस्टर्स’ ही वनतज्ज्ञांची संस्था १९३५पासून करत आली आहे. विद्यापीठांतल्या वनशास्त्राच्या पदव्यांना ही संस्था जी व्यावसायिक मान्यता देते ती कशी मिळते, तिच्यामागे कोणता विचार आहे आणि ती कुठे कमी पडते, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय वरकरणी कागदी वाटतो. मला तो तसा कधीच वाटला नाही, कारण या कागदांच्या पलीकडे डोंगरच्या डोंगर उभे आहेत.

या कथेचं एक मूळ भारतात आहे. बॉन विद्यापीठातला वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस १८५६मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवानी जंगलांवर देखरेख करायला आला आणि १८६४मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. पेगूच्या रानात तो हत्तीवरून फिरत असे. हातात बांबूच्या कांड्या आणि एक चाकू. झाडांच्या आकारमानाचा प्रत्येक गट म्हणजे एक कांडी. सागाचं झाड दिसलं की त्याच्या गटाच्या कांडीवर एक खाच. कागद भिजतो, दौत सांडते, पण खाचा राहतात. संध्याकाळी मुक्कामावर त्या खाचा मोजून किती झाडं तोडता येतील याचा अंदाज तो बांधत असे. वर्षाला जंगल जेवढं वाढतं त्याच्या बेतानेच तोड करायची, हा विचार असा मोजणीतून आला.

निवृत्तीनंतर ब्रँडिस बॉनला परतला आणि तरुण परदेशी विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक झाला. त्यांतलाच एक गिफर्ड पिंचट. वनशास्त्र शिकायचं म्हणून तो अमेरिकेतून युरोपात आला होता, कारण त्या काळी अमेरिकेत ते शिकवणारी एकही शाळा नव्हती. ब्रँडिसच्या सल्ल्यावरून तो फ्रान्समधल्या नॅन्सीच्या वनविद्यालयात शिकला. कार्ल शेंक या जर्मन तरुणाला अमेरिकेत नोकरी मिळाली तीही ब्रँडिसच्याच शिफारशीने. अमेरिकन वनशिक्षणाच्या पायाशी असलेल्या या दोन माणसांना वाट दाखवणाऱ्याचं स्वतःचं शिक्षण सागाच्या रानांत झालं होतं, ही गोष्ट भारतीय वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

शेंकने १८९८मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बिल्टमोर इस्टेटवर शाळा काढली. सकाळी वर्ग, दुपारी घोड्यावरून रानात, असा एका वर्षाचा अभ्यासक्रम. झाडाला टेप न गुंडाळता व्यास मोजण्याची जी पट्टी अमेरिकेत आजही वापरतात, तिचं नाव याच जागेवरून पडलं आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने कॉर्नेल विद्यापीठात वनशास्त्राचं महाविद्यालय सुरू केलं आणि बर्नहार्ड फर्नो या प्रशियन वनतज्ज्ञाला प्रमुख नेमलं. १९००मध्ये पिंचट कुटुंबाच्या देणगीतून येल विद्यापीठात वनशाळा निघाली. हेन्री ग्रेव्ज तिचा पहिला अधिष्ठाता. तिन्ही शाळांची वृत्ती वेगळी. बिल्टमोर हाताने शिकवणारी, येल पदवीधरांना घेऊन शास्त्रावर भर देणारी, आणि कॉर्नेल या दोघींच्या मधली, राज्याच्या पैशावर चालणारी.

कॉर्नेलचं पुढे काय झालं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण व्यावसायिक मान्यतेची गरज का पडते हे मला त्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसतं.

राज्याने फर्नोला ॲडिरॉन्डॅक डोंगरात सॅरानॅक लेकजवळ ॲक्स्टन इथे ३०,००० एकर जंगल प्रात्यक्षिकासाठी दिलं. जंगल जुन्या रुंदपर्णी झाडांचं होतं. फर्नोचा बेत असा की ते टप्प्याटप्प्याने साफ तोडायचं आणि तिथे पाइन, स्प्रूस यांसारखे सूचिपर्णी वृक्ष लावायचे. तोडलेला माल पिंपं बनवणाऱ्या ब्रुकलिन कूपरेज कंपनीला विकायचा आणि त्या पैशांत लागवड करायची. हिशेब कागदावर जमत होता. पण तोड वेगाने झाली, लागवड मागे राहिली, आणि शेजारी सरोवराकाठी ज्या धनिकांचे उन्हाळी बंगले होते त्यांना उघडे पडलेले डोंगर आणि जळणाऱ्या फांद्यांचा धूर दिसू लागला. तक्रारी राजधानीत गेल्या. १९०३मध्ये गव्हर्नर बेंजामिन ओडेल यांनी महाविद्यालयाचं अनुदान नामंजूर केलं. पाच वर्षांत कॉलेज बंद.

फर्नो चुकला होता का? माझ्या मते थोडा चुकला होता. तोडीचा वेग आणि लागवडीचा वेग यांचा मेळ त्याने घालायला हवा होता. पण मूळ प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एका शाळेचं भवितव्य ठरवताना कोणी पाहिलं काय? शेजाऱ्यांनी धूर पाहिला, गव्हर्नरने तक्रारी पाहिल्या. मुलं वर्गात आणि रानात काय शिकत होती, अध्यापक कसे होते, त्यांतून बाहेर पडलेला पदवीधर जंगल सांभाळायला लायक होता की नाही, हे त्या विषयातल्या कोणी बसून तपासलंच नाही. तशी तपासणी करणारी व्यवस्थाच तेव्हा नव्हती. चांगली शाळा रोषापायी बुडू शकत होती आणि वाईट शाळा कोणाला न खुपता वर्षानुवर्षं चालू शकत होती.

पिंचटने १९००च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये मूठभर सहकाऱ्यांना घेऊन सोसायटी ऑफ अमेरिकन फॉरेस्टर्स स्थापन केली होती. सुरुवातीला ती चर्चा आणि व्याख्यानांची मंडळी होती. शाळा मात्र भराभर वाढल्या. कुठे कृषी महाविद्यालयात दोन अध्यापकांवर वनशास्त्राची पदवी, कुठे नुसत्या वनस्पतिशास्त्राला दिलेलं नवं नाव. हेन्री ग्रेव्ज आणि सेड्रिक गाइज यांनी साऱ्या देशातल्या वनशिक्षणाचा अभ्यास करून १९३२मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा ही तफावत सर्वांसमोर आली. १९३३मध्ये रूझवेल्टच्या सरकारने मंदीतल्या बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर उभारली. झाडं लावायला, वणवे विझवायला, रस्ते काढायला पुढच्या ९ वर्षांत सुमारे ३० लाख तरुण रानात गेले. त्यांच्यावर देखरेख करायला शिकलेले वनतज्ज्ञ हवे होते, तेही तातडीने. वनशाळांत गर्दी झाली. मागणी अशी अचानक वाढते तेव्हाच दर्जा घसरण्याची भीती सर्वांत जास्त. येलचे प्राध्यापक एच. एच. चॅपमन तेव्हा संस्थेचे अध्यक्ष होते. कडक स्वभावाचा, कोणाची भीड न ठेवणारा माणूस. त्यांनी शाळाशाळांची तुलना हाती घेतली आणि १९३५मध्ये संस्थेने मान्य शाळांची पहिली यादी काढली. काही शाळा यादीत आल्या, काही बाहेर राहिल्या. बाहेर राहिलेल्यांना किती झोंबलं असेल याची कल्पना करता येते. पण वाद अंगावर घेण्याची ती तयारी नसती तर आजची व्यवस्था उभी राहिली नसती.

आता ही मान्यता म्हणजे नेमकं काय, याकडे वळू. मराठी वाचकाच्या मनात ॲक्रेडिटेशन म्हटलं की ‘नॅक’ येते, आणि तिथे पहिला गोंधळ होतो. नॅक संपूर्ण महाविद्यालयाचं किंवा विद्यापीठाचं मूल्यांकन करते. अमेरिकेतही संस्थेला अशी एक सर्वसाधारण मान्यता लागते, आणि ती नसेल तर वनशास्त्राची व्यावसायिक मान्यता मागताही येत नाही. पण व्यावसायिक मान्यता मिळते ती एका विशिष्ट पदवीला. विद्यापीठाला नाही, वनशास्त्र महाविद्यालयालाही नाही. एकाच इमारतीत वनशास्त्राची पदवी मान्यताप्राप्त असते आणि शेजारच्या खोलीत शिकवली जाणारी वन्यजीवशास्त्राची पदवी त्या यादीत नसते. मान्यता देणारी संस्था सरकारी नाही. शिक्षण खात्याचा हुकूम नाही, कायद्याची सक्ती नाही; विद्यापीठ स्वतःहून अर्ज करतं आणि खर्च स्वतः सोसतं. मात्र मान्यता देणाऱ्यांवरही नजर ठेवणारी ‘कौन्सिल फॉर हायर एज्युकेशन ॲक्रेडिटेशन’ ही वेगळी संस्था आहे, आणि वनतज्ज्ञांच्या संस्थेला तिच्या कसोटीतून जावं लागतं.

पदवीची पारख ज्या निकषांवर होते, त्यांत तिचं ध्येय, अभ्यासक्रम, कारभार, अध्यापक, विद्यार्थी आणि मातृसंस्थेचा आधार हे सगळं येतं. बहुतेक गोष्टी कोणत्याही शिक्षणसंस्थेला लागू पडतील अशा आहेत, त्यांवर मी फार थांबत नाही. पण शेवटच्या निकषाचं महत्त्व अनुभवी माणसालाच कळेल. अनेक विद्यापीठांत वनशास्त्र हा धाकटा विभाग असतो; मोठ्या विद्याशाखा निधी ओढून नेतात, रिकामी झालेली अध्यापकाची जागा भरली जात नाही, शिक्षणासाठी राखलेलं जंगल विकून टाकण्याची भाषा सुरू होते. अशा वेळी बाहेरून आलेली समिती कुलगुरूंच्या तोडीच्या अधिकाऱ्याला समोर बसवून विचारते, की पुढची दहा वर्षं या विभागाला तुम्ही कसं उभं ठेवणार? विभागप्रमुखाला जे वर्षानुवर्षं मांडता आलेलं नसतं, ते त्या बैठकीत मांडलं जातं.

अभ्यासक्रमाचा निकष हा या व्यवस्थेचा गाभा. भाषा, लेखन, गणित, विज्ञान, समाजशास्त्रं यांच्या सर्वसाधारण शिक्षणाच्या पायावर वनशास्त्राची चार क्षेत्रं उभी राहतात: परिसंस्था आणि जीवशास्त्र, वनसंपत्तीचं मापन, वनांचं व्यवस्थापन, आणि धोरण, अर्थशास्त्र, प्रशासन. कोणत्या विषयाला किती तास द्यावेत हे समिती ठरवून देत नाही. मिनेसोटातली थंड दलदलीची जंगलं आणि जॉर्जियातले पाइनचे मळे यांना एकच पाठ्यक्रम चालणार नाही, हे ती मान्य करते. तिचा आग्रह असतो तो पदवीधराला काय करता यायला हवं यावर.

‘काय शिकवलं’ आणि ‘काय करता येतं’ यांत किती अंतर असतं, ते मापनाच्या विषयात सर्वांत चटकन दिसतं. उभ्या झाडाची जाडी छातीच्या उंचीवर मोजतात. ती उंची अमेरिकेत साडेचार फूट, म्हणजे १.३७ मीटर, आपल्या वनखात्यातही नेमकी तीच. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाच्या जमिनीपासून मोजायचं. झाड कललेलं असेल तर टेप खोडाला काटकोनात धरायची. खोड १.३७ मीटरच्या खालीच दुभागलं असेल तर दोन झाडं धरायची. हे नियम पाठ करायला तासभर पुरतो. पण पावसात, काट्यांत, संध्याकाळ होत आलेली असताना शंभरावं झाड पहिल्या झाडाइतक्याच काटेकोरपणे मोजणं हे वर्गात येत नाही. आणि तिथे ढिलाई परवडत नाही. लाकडाचं घनफळ साधारणपणे व्यासाच्या वर्गाबरोबर वाढतं, त्यामुळे व्यासात ५ टक्क्यांची चूक म्हणजे घनफळात १० टक्क्यांच्या वर चूक. हजारो एकरांच्या आराखड्यात ती शिरली तर जंगलात जेवढं लाकूड नाही तेवढं तोडायला परवानगी मिळते.

म्हणून समितीला मापनाच्या पेपरातले गुण पुरेसे वाटत नाहीत. तिला विद्यार्थ्यांची कामं हवी असतात: रानातल्या मोजणीची कच्ची पानं, त्यांवरून केलेला अहवाल, अध्यापकाने त्यावर लाल शाईने काय लिहिलं तेही. शेवटच्या वर्षी बहुतेक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांचा गट खऱ्याखुऱ्या जमिनीसाठी, अनेकदा खऱ्याखुऱ्या मालकासाठी, व्यवस्थापनाचा आराखडा तयार करतो. मोजणी, माती, पाणी, वन्यजीव, बाजारभाव, कायदा, मालकाची इच्छा असं सगळं त्यात एकत्र यावं लागतं. चांगला आणि वाईट असे दोन्ही आराखडे समितीपुढे ठेवलेले असावेत, असं मला वाटतं. नुसते उत्कृष्ट नमुने मांडणारा विभाग स्वतःची ओळख लपवत असतो.

अर्ज केल्यावर पहिलं मोठं काम स्वयंमूल्यमापनाचं. विभागाला प्रत्येक निकषाबद्दल आपण कुठे आहोत हे पुराव्यासकट लिहून काढावं लागतं. हे काम महिनोन्महिने चालतं. कोणता अध्यापक काय शिकवतो, कोणता विषय कुठल्याच वर्गात नीट येत नाही, कोणती गोष्ट तीन वर्गांत तीनदा शिकवली जाते, पदवी घेऊन गेलेले विद्यार्थी कुठे आहेत आणि त्यांना नोकरी देणारे त्यांच्याबद्दल काय म्हणतात, हे सगळं एका ठिकाणी आणावं लागतं. या सबंध व्यवस्थेतला सर्वांत उपयुक्त टप्पा हाच, असं माझं ठाम मत आहे. एरवी आपापल्या खोलीत शिकवणारी माणसं त्या निमित्ताने एका टेबलाभोवती बसतात आणि विद्यार्थी पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत नेमका कोणत्या वाटेने जातो हे बहुधा पहिल्यांदाच बघतात.

त्यानंतर पाहणी समिती येते. तिच्यात दुसऱ्या विद्यापीठांतले अध्यापक असतात आणि प्रत्यक्ष जंगलात काम करणारे वनतज्ज्ञही. ही सांगड फार महत्त्वाची. अध्यापक ग्रंथालय, संशोधन, मूल्यमापनाच्या पद्धती बघतो. लाकूड कंपनीत किंवा सरकारी वनखात्यात हयात काढलेला माणूस विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारतो, की या तुकड्यात किती नमुनाक्षेत्रं घ्यायची हे तू कसं ठरवलंस? मालकाला आजच पैसे हवेत आणि जंगलाला अजून दहा वर्षं हवीत, तर त्याला काय सांगशील? उत्तर बरोबर आहे की नाही हे त्याला पुस्तक न उघडता कळतं. समिती अध्यापकांना भेटते, विद्यार्थ्यांशी त्यांच्या अध्यापकांच्या गैरहजेरीत बोलते, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे यांना गाठते, प्रयोगशाळा आणि शिक्षणाचं जंगल पाहते, वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर बसते.

निर्णय मात्र ही समिती घेत नाही. तिचा अहवाल विद्यापीठाकडे जातो, तथ्यांच्या चुका असतील तर विद्यापीठ दाखवून देतं, आणि मग सगळे कागद संस्थेच्या मान्यता मंडळापुढे येतात. प्रत्यक्ष पाहून आलेला एक आणि निवाडा करणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. पाहुणचाराची भीड, जुनी ओळख, एखाद्या अध्यापकाशी उडालेला खटका यांचा परिणाम त्यामुळे कमी होतो. मान्यता कायमची नसते. ती ठरावीक मुदतीची असते, फार तर १० वर्षांची. मध्ये अहवाल द्यावे लागतात, आणि उणिवा राहिल्या तर पदवी देखरेखीखाली ठेवली जाते किंवा मान्यता काढूनही घेतली जाते. निर्णय अन्यायाचा वाटला तर अपिलाची सोय आहे.

ही सगळी खटपट विद्यार्थ्याच्या काय कामाची? कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. तिथे १९७२च्या कायद्याने वनतज्ज्ञाचा परवाना आला आणि १९७३च्या वनकायद्याने खासगी जमिनीवरच्या व्यापारी तोडीसाठी परवानाधारकाने तयार केलेली योजना सक्तीची केली. किती तोड, कोणत्या उतारावर, ओढ्यापासून किती अंतरावर, रस्ता कुठून, या सगळ्याखाली एका माणसाची सही लागते. परवान्यासाठी ७ वर्षांचा अनुभव आणि परीक्षा. वनशास्त्राची पदवी असेल तर त्यातली काही वर्षं वजा होतात. संस्था स्वतःही ‘सर्टिफाइड फॉरेस्टर’ हे प्रमाणपत्र देते. त्यासाठी मान्यताप्राप्त किंवा तिच्या तोडीची पदवी, काही वर्षांचा अनुभव आणि परीक्षा असा क्रम असतो. उलट बाजूही सांगायला हवी. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या सेवेत वनतज्ज्ञाच्या पदासाठी किती श्रेयांक वनशास्त्राचे हवेत याची स्वतंत्र अट आहे. विज्ञान आणि अभियांत्रिकी धरून ३०, त्यांत किमान २४ वनशास्त्राचे. व्यावसायिक मान्यता नसलेल्या पदवीचा विद्यार्थीही ती अट पुरी करू शकतो. म्हणजे मान्यता नसली तर दार बंदच, असं कोणी समजू नये.

या व्यवस्थेवरचे आक्षेपही जुने आहेत. कागदपत्रांत अध्यापकांचा वेळ जातो, छोट्या महाविद्यालयांना खर्च जड जातो, हे खरंच आहे. त्याहून गंभीर आक्षेप असा, की पेशातली माणसं पेशाच्या जुन्या कल्पनाच पुढे रेटतात. विसाव्या शतकाचा मोठा काळ अमेरिकन वनशास्त्र लाकडाच्या उत्पादनाभोवती फिरलं. वनशाळांत मुली फारच थोड्या होत्या, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तर दक्षिणेतल्या बहुतेक वनशाळांची दारंच बंद होती. नामांकित शाळांच्या मान्यतेला त्या काळी त्यामुळे बाध आला नाही, हे विसरून चालणार नाही. दर्जा मोजताना कोणाला शिकायलाच मिळालं नाही हा प्रश्न तेव्हाच्या निकषांनी विचारला नाही. आज अलाबामा ए अँड एम या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठातली वनशास्त्राची पदवी मान्यताप्राप्त आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना ती किती उशिरा मिळाली, याची जाणीव ठेवूनच तिचं मोल करावं लागतं.

काळाबरोबर व्याप्तीही रुंदावली. पारंपरिक वनशास्त्राला विद्यार्थी कमी मिळू लागले, अनेक विभाग नैसर्गिक संसाधनांच्या मोठ्या शाळांत विलीन झाले. संस्थेने मग नागरी वनशास्त्र, वनतंत्रज्ञानाचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम, परिसंस्था व्यवस्थापन यांसाठीही मान्यतेचे मार्ग उघडले. याने मूळ वनशास्त्र पातळ झालं, असं म्हणणारे जुने लोक मला ठाऊक आहेत. मला त्यांचं पटत नाही. शहरातल्या रस्त्यावरचं झाड वाचवणारा माणूसही नीट शिकलेला हवा. फक्त त्याच्या पदवीवर त्याचं खरं नाव असावं, म्हणजे नोकरी देणाऱ्याची फसगत होणार नाही.

शेजारच्या कॅनडात आणि ब्रिटनमध्येही पेशातल्या मंडळींनीच पारख करण्याची पद्धत आहे. पुढच्या प्रकरणांत त्यांचा उल्लेख अधूनमधून येतो. मुख्य धागा मात्र अमेरिकेचा आहे, कारण सर्वांत दीर्घ इतिहास तिथला आहे.

आपल्याकडे चित्र निराळं. डेहराडूनला १८७८मध्ये वनविद्यालय निघालं, अमेरिकेच्या पहिल्या शाळांच्या २० वर्षं आधी. पण ते खात्याच्या माणसांसाठी होतं. सर्वांना खुली अशी वनशास्त्राची पदवी यायला १९८०चं दशक उजाडलं. हिमाचल प्रदेशात सोलनचं विद्यापीठ १९८५चं. महाराष्ट्रात दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथे वनशास्त्राचं शिक्षण मिळतं. ही विद्यापीठं भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या छत्राखाली येतात, आणि अधिस्वीकृतीही त्याच वाटेने, शेतीच्या इतर शाखांबरोबर होते. अभ्यासक्रमाची चौकट परिषदेच्या अधिष्ठाता समित्या घालून देतात. शिस्त त्यात आहे. जे कमी आहे ते असं, की जंगलात काम करणाऱ्या माणसाने येऊन विद्यार्थ्याला रानात उभं करून प्रश्न विचारावेत याला तिथे ठळक जागा नाही. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला वनशास्त्राची पदवी असलीच पाहिजे असंही नाही; वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र, गणित, अभियांत्रिकी यांचे पदवीधरही बसतात, आणि निवड झाल्यावर डेहराडूनला प्रशिक्षण घेतात. त्यातून चांगले अधिकारी आले आहेत, हे मी नाकारत नाही. पण पेशाची दारं पदवीशी बांधलेली नसली की पदवीचा दर्जा हा पेशाच्या चिंतेचा विषय उरत नाही. दापोलीच्या किंवा अकोल्याच्या मुलाने चार वर्षं मृदा, वनसंवर्धन, मापन शिकून बाहेर पडावं आणि त्या शिक्षणाची नेमकी किंमत काय हे त्याला कोणी सांगू नये, ही मला फार टोचणारी गोष्ट आहे.

अमेरिकेची व्यवस्था जशीच्या तशी उचलून इथे लावावी, असं या पुस्तकाचं म्हणणं नाही आणि माझंही नाही. तिथे जंगलाचा मोठा हिस्सा खासगी मालकांचा आहे, आपल्याकडे तो बव्हंशी सरकारचा. वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक हक्क मिळाल्यापासून गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ग्रामसभा स्वतः बांबूचं व्यवस्थापन करू लागल्या आहेत. अमेरिकेतल्या पाहणी समितीत कंपनीचा माणूस बसतो, तसा आपल्याकडे एखाद्या ग्रामसभेचा जाणता माणूस बसला तर तो विद्यार्थ्याला कोणते प्रश्न विचारेल? मला वाटतं, तो पहिल्यांदा बांबूच्या बेटातले कोणते कोंब राखायचे आणि कोणते काढायचे हे दाखव म्हणेल, आणि मग गावात बसून हिशेब समजावून सांग म्हणेल. दोन्ही गोष्टी आजच्या प्रश्नपत्रिकेत मावणाऱ्या नाहीत.

महाराष्ट्रातून वनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगतो, कारण सल्लागार ती क्वचितच सांगतात. विद्यापीठाचं नाव आणि क्रमवारी पाहून थांबू नका. आपण घेणार ती पदवी, तिच्या नेमक्या नावासह, वनतज्ज्ञांच्या संस्थेच्या यादीत आहे का ते पाहा. एकाच विभागातली संशोधनाकडे वळणारी एम. एस. आणि व्यवसायाकडे वळणारी मास्टर ऑफ फॉरेस्ट्री या दोन वेगळ्या पदव्या असतात, आणि त्यांतली एकच यादीत असू शकते. मान्यतेची मुदत केव्हा संपते, पुढची पाहणी केव्हा आहे, हे विभागाला पत्र लिहून विचारा. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलेला त्यांना आवडतो. उन्हाळी शिबिर किती आठवड्यांचं, कोणत्या जंगलात, आणि शेवटच्या वर्षाचा आराखडा कोणासाठी केला जातो, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.